बरोबर कोण आलंय?

चेनवाल्या बाईंच्या छतातून चार वर्षं पाणी ठिबकत होतं, आणि त्या चार वर्षांत वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी बाईंचं जे काही बोलणं झालं ते त्या पाण्यावरूनच झालं. आधी गोडीगुलाबीनं, मग आवाज चढवून, मग घरमालकाकडे तक्रार करून, आणि शेवटी बोलणंच बंद. जिन्यात समोरासमोर आले की ते भिंतीकडे बघायचे आणि बाई स्वतःच्या चपलांकडे. दोघांच्याही घरात दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे ‘पुरे करा आता’ म्हणणारंही कुणी नव्हतं.

गंमत अशी, की हे गृहस्थ नोकरीला होते पाणीपुरवठा खात्यात. तिथे ते नकाशे काढायचे. कुठल्या रस्त्याखालून कुठली नळी जाते, ती कुठे वळते, कुठे दुसरीला मिळते, हे सगळं त्यांच्या हातचं कागदावर उतरलेलं असायचं. बाई येईल त्या गिऱ्हाइकाला छताकडे बोट दाखवून सांगायच्या, “अख्ख्या शहराचं पाणी कुठे जातं ते त्यांना विचारा. त्यांच्या न्हाणीघराचं कुठे जातं ते मला विचारा.” गिऱ्हाईक हसायचं. बाई हसायच्या नाहीत. त्यांना ते खरंच लागलेलं होतं.

बाईंचा धंदा चेन बदलून देण्याचा. पुढच्या खोलीत मशीन, बाजूला टेबल, टेबलावर बिस्किटांच्या जुन्या डब्यांत आकारावार लावलेले रनर, एक पक्कड, एक उसवणी आणि चेनच्या दातांवर घासायला मेणबत्तीचा तुकडा. प्रवासाच्या बॅगा, बूट, जाकिटं, दप्तरं, एकदा तर कुणाचा तरी तंबू. बाई रनर एकदा वरखाली फिरवून सांगायच्या की नुसता आवळला तर चालेल की अख्खी चेन उसवावी लागेल. हात चालू असला की तोंडाचा पट्टाही चालू. पण तो सगळा दुकानातला पट्टा. महागाई, पोरांची दप्तरं, वरचं पाणी. स्वतःबद्दल बाई कुणाला काही सांगत नसत. नवरा कधीच वारला, मुलगी लग्न करून लांब गेली, रविवारी फोन करते. एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि एवढ्यावर कुणी काही विचारतही नव्हतं.

रोज सकाळी वर आंघोळ सुरू झाली की खाली थेंब सुरू व्हायचे. बाईंनी मशीन सरकवून तिथे बादली ठेवली होती. थेंब बंद झाले की थोड्या वेळानं जिन्यात चपला वाजायच्या, मग बाई दुकान उघडायच्या. भांडण भांडणाच्या जागी, पण बाईंना घड्याळ लागत नव्हतं.

आणि एके दिवशी पाणी थांबलं.

बाईंचा आनंद काय सांगावा. अखेर वठणीवर आला म्हणायचं, असं त्यांनी समोरच्या किराणावाल्याला ऐकवलं, कुरिअरवाल्या पोरीला ऐकवलं, रविवारी मुलीला ऐकवलं. छत हळूहळू वाळलं. ओल जाऊन चुन्याचे पापुद्रे पडायला लागले. बाईंनी बादली धुऊन मोरीत पालथी घातली आणि मशीन पुन्हा जागेवर सरकवलं.

मग एक दिवस एका दप्तराची चेन उसवता उसवता त्यांचा हात थांबला. दुरुस्ती झाली म्हणावं, तर ठोकाठोक कुणाला ऐकू आली? प्लंबर आला म्हणावं, तर तो खाली येऊन छत न बघता गेला कसा? आणि चपला? जिन्यातल्या चपला शेवटच्या कधी वाजल्या, ते बाईंना आठवेना. वरचं न्हाणीघर दुरुस्त झालेलंच नव्हतं. वरच्या माणसानं आंघोळ करणं सोडलं होतं.

बाईंनी दोन दिवस मनाशी हुज्जत घातली. आपल्याला काय करायचंय, गावाला गेले असतील, आजारी असतील तर त्यांचं कुणीतरी येईल. तिसऱ्या दिवशी त्या वर गेल्या आणि दार वाजवलं. वाजवतच राहिल्या. बऱ्याच वेळानं कडी निघाली. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा कुठल्या काळातला कोण जाणे, गालफडं आत गेलेली. नकाशेवाल्यांनी बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, “पाणी येतंय का अजून?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आले.”

त्यांनी मान हलवली, वळले, आणि दार उघडं टाकून पुन्हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. टेबलावर अर्धा काढलेला नकाशा होता, त्यावर धूळ बसली होती. ओट्यावर पाव हिरवा पडला होता. पण बाई बघत होत्या ती पाठ. अशी पाठ त्यांनी फार वर्षांपूर्वी रोज पाहिली होती, आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर. खाली निघून जावं असं त्यांना फार वाटलं. तरी त्या आत गेल्या, उशाशी पडलेला फोन घेतला आणि त्यात ज्याचे ढीगभर फोन येऊन गेले होते त्या ‘धाकटा’ नावाच्या माणसाला लावला.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि भावाला बघून जिन्यातच बसून रडला. मग दोघांनी, म्हणजे त्यानं आणि बाईंनी, नकाशेवाल्यांना धरून खाली उतरवलं आणि टॅक्सीतून दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की नकाशेवाले या दवाखान्यात नवे नाहीत. गेली दोन वर्षं ते इथूनच उदासपणाच्या गोळ्या नेत होते. कुणालाही न सांगता, ऑफिस सुटल्यावर, एकटे येऊन. गोळ्या एकदा बदलून झाल्या होत्या, दुसऱ्यांदा बदलून झाल्या होत्या, आणि मग नकाशेवाले यायचेच बंद झाले होते. बाई चार वर्षं त्यांच्या पायाखाली राहत होत्या आणि त्यांना यातलं अक्षर माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान पण बोलायला सरळ होत्या. “हे खात नाहीत, पाणीही धड पीत नाहीत. नवीन गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढं थांबणं धोक्याचं आहे. मी विजेचा उपचार सुचवते.”

“शॉक?” धाकटा भाऊ म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांसमोर हातपाय बांधलेला, किंचाळणारा माणूस आला. डॉक्टरांना ते चित्र ओळखीचं असावं. त्या म्हणाल्या, आधी झोपेचं इंजेक्शन देतात, अंग सैल पडायचं औषध देतात, मग डोक्याला काही सेकंद प्रवाह. पेशंटला यातलं काही कळत नाही. जागा झाल्यावर डोकं दुखतं, थोडा वेळ गोंधळल्यासारखं होतं. “आणि आठवणीवर परिणाम होतो. या आठवड्यांतलं बरंचसं पुसट होईल, काही कायमचं जाईलही. ते आधीच सांगून ठेवते.” मग त्यांनी खुर्ची नकाशेवाल्यांकडे वळवून हेच सगळं त्यांना पुन्हा, सावकाश सांगितलं. नकाशेवाले जमिनीकडे बघतच म्हणाले, “चालेल.”

सुरुवातीचे उपचार दवाखान्यात ठेवूनच झाले. धाकटा भाऊ बरोबर होता. नकाशेवाले हळूहळू जेवायला लागले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आता घरी न्या, पुढचे उपचार आठवड्यातून दोनदा सकाळी आणून करू. पण एक अट. बरोबर माणूस पाहिजेच. भूल देऊन एकट्याला घरी सोडत नाहीत. आणि धाकट्याची रजा संपली होती, घरी बायको बाळंतपणाला टेकलेली. त्यानं डब्याची सोय लावली, गोळ्यांचे कप्पे भरले, आणि जायच्या आदल्या दिवशी बाईंच्या दुकानात येऊन उभा राहिला.

“ताई, कुठल्या तोंडानं सांगू,” तो म्हणाला. “तुमचं आणि दादाचं काय आहे ते मला माहीत आहे.”

“मग सांगूच नका,” बाई म्हणाल्या. “किती वाजता निघायचं असतं?”

पहिल्याच दिवशी खिडकीतल्या माणसानं विचारलं, “बरोबर कोण आलंय?”

“मी.”

“तुम्ही कोण? नातं?”

“शेजारीण.”

“शेजारीण चालत नाही. काहीतरी नातं सांगा.”

मागे रांग खोळंबली होती. बाईंना चटकन सुचलं ते त्या बोलल्या, “बहीण.” त्यानं तसं लिहून घेतलं आणि बाई चार वर्षांच्या वैऱ्याची बहीण झाल्या. नकाशेवाले शेजारच्या बाकावर उपाशीपोटी बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही.

उपचाराला फार वेळ लागत नसे. मग त्यांना पडद्याआडच्या खाटेवर आणून निजवत, आणि तिथली वयस्कर सिस्टर बाईंना स्टूल देई. तिनं काम समजावून सांगितलं. “जागे झाले की बोलत राहायचं. त्यांचं नाव सांगा, वार सांगा, कुठे आहेत ते सांगा. गप्प बसलात तर ते घाबरतात. काय बोलता याला महत्त्व नाही, ओळखीचा आवाज पाहिजे.”

ओळखीचा आवाज! त्या माणसाच्या कानाला बाईंचा आवाज चांगलाच ओळखीचा होता, फक्त आजवर तो खालून छतावर ठोकलेल्या झाडूच्या दांड्याबरोबर ऐकू यायचा. बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. तेवढ्यात नकाशेवाल्यांनी डोळे उघडले. सिस्टर वाकून म्हणाली, “बघा कोण आलंय. तुमच्या ताई आल्यात.”

“ताई,” ते म्हणाले. जीभ जड होती. “तू कधी आलीस?”

त्यांना बहीण नव्हती. बाईंनी क्षणभर मागे वळून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “आत्ताच आले. आज मंगळवार. तुम्ही दवाखान्यात आहात. सगळं ठीक आहे.”

एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पुन्हा वार सांगितला, पुन्हा दवाखाना सांगितला. खिडकीबाहेरची हवा सांगितली. मग बाई चेनवर आल्या. बुटाच्या चेनला कुठला दोरा, जाकिटाची चेन खालून का फाटते, एका बाईनं पर्स कशी दातानं उघडायचा प्रयत्न केला. खाटेवरून मधूनच “हं” यायचा. दुसऱ्या खेपेला चेनच्या गोष्टी संपल्या. बाई थांबल्या, तर नकाशेवाल्यांनी चाचपडत स्टुलाची कड धरली आणि घाबरून म्हणाले, “ताई?”

“आहे मी,” बाई म्हणाल्या, आणि काही बोलायलाच हवं होतं म्हणून म्हणाल्या, “माझे मिस्टरही असेच पडून असायचे.”

हे वाक्य आपल्या तोंडून गेलं याचं बाईंनाच नवल वाटलं. परत निघताना त्यांनी सिस्टरला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “आपण तिथे बोलतो ते त्यांच्या लक्षात राहतं का हो?”

“छे,” सिस्टर म्हणाली. “त्या तासातलं काही राहत नाही. बिनधास्त बोला.”

झालं. बाईंना एवढंच हवं होतं.

नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. चांगला कारागीर, बोलायला कमी. मुलगी तीन वर्षांची असताना त्यानं दाढी करणं सोडलं, मग कामाला जाणं सोडलं, मग भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. हा आजार असतो, याला दवाखाना असतो, असं बाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांच्या घरात याला एकच शब्द होता, आळस. बाईंनी समजावलं, रडून पाहिलं, आणि मग तोंड सोडलंच. उठा, तोंड धुवा, पोरीकडे तरी बघा, लोकांचे नवरे कसे असतात. एका दुपारी त्या शिवणाचं काम पोचवून घरी आल्या, तर खाट रिकामी. अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. त्यानंतर त्या माणसाचा पत्ता कधी लागला नाही. स्टेशनं झाली, दवाखाने झाले, नातेवाईक झाले. ‘निघून गेले’ म्हटलं की लोक दहा प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक प्रश्नात बाईंकडे बोट असायचं. एकदा कंटाळून त्यांनी ‘वारले’ सांगून पाहिलं, तर एकही प्रश्न आला नाही. मग तेच कायम झालं. मुलगीसुद्धा तेच ऐकत मोठी झाली.

ही गोष्ट बाईंनी त्या खाटेशी बसून सांगितली. एकदा सांगून भागलं नाही. दर खेपेला नकाशेवाले डोळे उघडून म्हणायचे, “ताई, तू कधी आलीस?” आणि दर खेपेला बाई नव्यानं सुरुवात करायच्या. पहिल्यांदा तुकड्यातुकड्यांत, अडखळत. मग जरा सरळ. मग कुठे रडू येतं ते आधीच ठाऊक असल्यामुळे तिथे थांबून, पदार्थ चाखावा तशी चव घेत. खाटेवरचा माणूस “हं” म्हणायचा, एकदा त्यानं “अरेरे” म्हटलं, एकदा झोपच लागली. कुणी सल्ला दिला नाही, कुणी बोट दाखवलं नाही. टॅक्सीतून परत येताना नकाशेवाले काचेला डोकं टेकून पेंगत असायचे आणि बाईंना खांदे हलके झाल्यासारखे वाटायचे.

घरी मात्र जैसे थे. डबा त्यांना यायचा, गोळ्या ते स्वतः घ्यायचे, जिन्यात भेट झाली तर दोघं आपापल्या ठरलेल्या जागी बघायचे. पाण्याचं भांडण काही मिटलेलं नव्हतं. पण उपचाराच्या आदल्या संध्याकाळी बाई कपड्यांना इस्त्री करू लागल्या होत्या. आपण या दिवसाची वाट बघतो हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली. एका माणसाच्या डोक्यातून वीज जाते आणि आपण त्यासाठी इस्त्री करतो! लाज वाटली, तरी इस्त्री चालूच राहिली.

एक गोष्ट मात्र त्यांनी अजून सांगितली नव्हती. अंथरुणाच्या घडीपर्यंत यायच्या आणि मग स्टेशनांवर उडी मारायच्या. मधली ती संध्याकाळ राहून जायची. पुढच्या वेळी सांगू, असं त्या दर वेळी ठरवायच्या. पुढची वेळ होतीच.

मग एका सकाळी मशीनवर टप्पकन थेंब पडला.

बाईंनी वर पाहिलं. दुसरा पडला. वर तांब्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. बाईंनी पळत जाऊन बादली आणली, मशीन सरकवलं, आणि खुर्चीवर बसून ते थेंब ऐकत राहिल्या. माणूस आंघोळ करत होता. माणूस बरा होत होता. त्यांना खरोखर आनंद झाला, डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्याच वेळी आपलं काहीतरी हातचं जातंय असंही वाटलं.

पुढच्या खेपेला बाई मनाची तयारी करून गेल्या होत्या. आज ती संध्याकाळ सांगायचीच. पण त्यांना पडद्याकडे नेलंच नाही. डॉक्टरांनी दोघांना खोलीत बसवलं, नकाशेवाल्यांशी थोडं बोलल्या आणि म्हणाल्या, “आता याची गरज नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, आणि आठवड्यातून एकदा इथे वरच्या मजल्यावर समुपदेशनाच्या मॅडमकडे बोलायला यायचं. एकटं आलात तरी चालेल.”

वरच्या मॅडम दारातच भेटल्या. त्यांनी नकाशेवाल्यांना पुढची वेळ दिली आणि बाईंना म्हणाल्या, “इतके दिवस तुम्ही सांभाळलंत. तुम्हालाही कधी बोलावंसं वाटलं तर या.”

“मला काय धाड भरलीय?” बाई म्हणाल्या.

टॅक्सीत बसल्यावर त्यांना वाटलं, एवढं फटकन बोलायला नको होतं. शेजारी नकाशेवाले ताठ बसले होते, जागे, दाढी केलेले. “बाई,” ते अवघडून म्हणाले, “तुम्हाला उगीच त्रास झाला.” बाई म्हणाल्या, “त्रास कसला.” उरलेला रस्ता दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते.

त्यानंतर दिवस नेहमीसारखे गेले, म्हणजे वाईट गेले. नकाशेवाले कामावर जाऊ लागले. माणूस बरा झाला म्हणताना त्यानं पहिलं काम काय केलं, तर प्लंबर बोलावून न्हाणीघर उकरलं. बाईंच्या छताला आतून सिमेंट लागलं, वरून रंग लागला. चार वर्षं जे मागितलं ते मिळालं. आता सकाळी वर काय चाललंय ते कळायला काही मार्ग उरला नाही. बादली मोरीत गेली. रविवारी मुलीचा फोन आला की बाई सांगायच्या, सगळं छान आहे, छतसुद्धा. फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटायचं. मंगळवारी सकाळी उठून त्या ‘आज मंगळवार’ असं मोठ्यानं म्हणायच्या, आणि मग कुणाला सांगतोय आपण, असं वाटून गप्प व्हायच्या.

एका संध्याकाळी नकाशेवाले दुकानात आले. हातात ऑफिसची बॅग होती, तिची चेन खरंच गेली होती. दुसऱ्या हातात फळांची पिशवी.

“बसा,” बाई म्हणाल्या. त्यांनी बॅग घेतली, रनर फिरवून पाहिला आणि पक्कड उचलली.

“भावानं मला सांगितलं, तुम्ही माझ्याबरोबर येत होतात,” ते म्हणाले. “बाई, मला खरंच काही आठवत नाही. तो शेवटचा दिवस, डॉक्टरांची खोली, तेवढं आठवतं. त्याआधीचं सगळं कोरं. तुम्ही एवढं केलंत आणि मला आभार मानायला साधी आठवणही नाही. फार चमत्कारिक वाटतं.”

“असू द्या,” बाई म्हणाल्या. सिस्टरनं सांगितलं होतं तसंच झालं होतं, आणि बाईंना त्याचा राग आला.

“एक गोष्ट तेवढी आठवते,” नकाशेवाले म्हणाले. “तिथे एक ताई असायच्या. त्यांचं कोण होतं तिथे, कुणास ठाऊक. माझ्या खाटेशी येऊन बसायच्या. चेहरा नाही आठवत. पण त्यांचा नवरा अंथरूण घडी घालून निघून गेला होता.”

पक्कड थांबली.

“वरच्या मॅडमना मी विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं. गोष्ट राहते आणि कुणी सांगितली ते पुसून जातं.” त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, ते डब्यातल्या रनरशी चाळा करत होते. “त्या ताईंना वाटायचं, आपण टाकून बोललो म्हणून तो गेला. मला त्यांना सांगायचं होतं. मी तसाच पडलेला माणूस ना, मला विचारा. कुणी बोललेलं कानावर पडायचं, पण ते मला उद्देशून आहे असं वाटतच नसे. कुणी गोड बोललं म्हणून मी उठलो नसतो आणि कुणी रागावलं म्हणून गेलोही नसतो. त्यांच्या बोलण्यानं काही झालं नाही, एवढं त्यांना कळायला हवं होतं. तुम्ही तर तिथे असायचात. तुमच्या पाहण्यात आहेत का त्या? भेटल्या तर सांगाल?”

वीस-बावीस वर्षं बाई हेच वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला बसल्या होत्या. ते आलं, समोर बसून आलं, ज्याला बोलण्याचा अधिकार आहे त्याच्याकडून आलं. आणि बाईंना ते घेता येईना. कारण ज्या बाईला या माणसानं मोकळं केलं होतं तिची गोष्ट अर्धीच होती. ‘सांगते’ म्हटलं असतं तर ते फळं ठेवून वर गेले असते, आणि उरलेलं अर्धं बाईंबरोबरच संपलं असतं.

“त्यांनी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“मीच ती. दवाखान्याच्या खिडकीत माझं नातं बहीण असं लिहून घेतलं होतं.”

नकाशेवाल्यांच्या हातातला रनर टेबलावर पडला. ते काहीतरी विचारणार होते, पण बाईंनी हात वर केला. आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे त्यांना समजलं होतं. पडदा नव्हता, खाट नव्हती, समोरचा माणूस टक्क जागा होता.

“घडी बघितली तेव्हाच मला कळलं, हे गेले,” बाई म्हणाल्या. “मी ओरडले नाही, शोधायला गेले नाही. दार लावून घेतलं. चहा केला, मुलीला दूध दिलं. आणि मला बरं वाटलं. ती पाठ समोर नव्हती ना. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले, वर्षभरात झोपले नव्हते तशी. शोधायला निघाले ते दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर. त्याच संध्याकाळी निघाले असते तर स्टेशनवर सापडले असते की काय, ते मला माहीत नाही.”

नकाशेवाल्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. “अरेरे” म्हणाले नाहीत, “हं” म्हणाले नाहीत. बाहेर किराणावाला दुकानाची फळी ओढत होता.

“आता हे माझ्या लक्षात राहणार,” ते शेवटी म्हणाले.

“राहू दे,” बाई म्हणाल्या.